ध्रुवाकडचं वादळ आपल्या माथ्यावर

10 मे 2024 रोजी आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले असताना सूर्याकडून आलेला भारित कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला आणि 2003 नंतरचं सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ सुरू झालं. लडाखमधल्या हानलेचं आकाश तांबूस झालं, फोटो सगळीकडे फिरले. जिथे अरोरा, म्हणजे असा ध्रुवीय प्रकाश, दिसत नाही तिथे वादळ पोचत नाही, असा समज अशा फोटोंमुळे सहज होतो; तो चुकीचा आहे. आकाश काळंच राहिलं तरी वादळ महाराष्ट्राच्या माथ्यावर येऊ शकतं, आणि त्याची एक वाट वरच्या हवेतल्या गुरुत्व-लहरींची आहे.

वादळात ध्रुवीय पट्ट्यावर, जमिनीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीवर, लाखो अँपिअरचे प्रवाह वाहतात. तिथली विरळ हवा झपाट्याने तापून वर उचलली जाते, गुरुत्वाकर्षण तिला खाली खेचतं, ती मूळ पातळीच्याही खाली जाते आणि पुन्हा उसळते. ही आंदोलनं म्हणजेच गुरुत्व-लहरी; त्या दोन्ही ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे निघतात. एकेका लहरीची लांबी हजार किलोमीटरहून अधिक, वेग सेकंदाला 400 ते 1000 मीटर. सेकंदाला 700 मीटर धरले, तर पाच हजार किलोमीटर दोन तासांत पार होतात. वाटेत ही हवा आयनांबरातल्या, म्हणजे वरच्या हवेतल्या भारित थरातल्या, इलेक्ट्रॉनांना चुंबकीय रेषांवरून वर-खाली ढकलते. त्यामुळे जीपीएसच्या संदेशाला होणारा उशीर बदलतो आणि न दिसणारी लहर मोजता येते. आयनांबरातल्या सरकत्या खळबळीमागे अशा लहरी आहेत, हे कॉलिन हाइन्स यांनी 1960 मध्येच मांडलं होतं.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: वादळाचं विद्युतक्षेत्र विषुववृत्तापर्यंत जवळपास तत्काळ पोचतं, मग लहरींना श्रेय कशाला? उत्तर वेळेत आहे. विद्युतक्षेत्राचा परिणाम वेगवेगळ्या अक्षांशांवर जवळजवळ एकदमच उमटतो. लहर मात्र आधी उत्तरेकडच्या जीपीएस ग्राहक-यंत्रांवर आणि मग दक्षिणेकडच्यांवर दिसते. लहरी ज्वालामुखीही उठवतो, हेही खरं. जानेवारी 2022 मधल्या टोंगाच्या उद्रेकाने जगभरचं आयनांबर हलवलं होतं. पण त्या लहरी टोंगापासून वर्तुळाकार पसरल्या. वादळाच्या लहरी ध्रुवांकडून येतात. लहर केव्हा आणि कुठून येते, हे वादळाची तीव्रता सांगणारा एकच जागतिक आकडा सांगत नाही; म्हणून तो आपल्याला पुरेसा नाही. अलिबागची चुंबकीय वेधशाळा 1904 पासून नोंदी घेते आहे; तिच्या जोडीला काश्मीर ते कन्याकुमारी जीपीएस ग्राहक-यंत्रांच्या नोंदी त्याच घटकेला एकत्र वाचल्या, तर ध्रुवाकडून निघालेली लहर इथे पोचण्याआधी इशारा देता येईल. ती व्यवस्था आपण उभारायलाच हवी.