तुपाखाली वाढलेली लस

गोव्यात चोपड्याच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडली की शिवोली, आणि तिथून जवळच हडफडे. याच गावात १८५६ साली जन्मलेले डॉ. आकासियो व्हिएगश सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात रुग्ण तपासत होते. त्यांनी निदान केलं: गाठीचा प्लेग. शहर भराभर रिकामं होऊ लागलं. ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात आले आणि लशीच्या मागे लागले.

ती लस कशी बनली हे वाचताना आजही थक्क व्हायला होतं. गाय-डुकराचं मांस लोकांना चालणार नाही, म्हणून त्यांनी बोकडाच्या मांसाचा अर्क घेतला. त्यावर तुपाचे थेंब तरंगत सोडले. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके उतरावेत तसे. बाटली हलवली की ते तळाशी झडायचे आणि वर नवे धरायचे. काही आठवडे हे चाले. मग उष्णता देऊन सगळे जंतू मारायचे. उरे ती लस. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण जीव सुखरूप राहिला. पुढे भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. व्हिएगश यांनीही हजारो लोकांना लस टोचली.

ही लस टोचायला लागणारी पोकळ सुई आणि पिचकारी एकत्र येऊन तेव्हा जेमतेम चार दशकं झाली होती. १८५३ मध्ये एडिंबराचे अलेक्झांडर वुड त्याच साधनाने मॉर्फिन टोचून वेदना शमवत होते. पोटात न जाता थेट टोचलेल्या मॉर्फिनची चटक लागत नाही, असा तेव्हा अनेक डॉक्टरांचा समज होता. तो साफ चुकीचा निघाला आणि सुईमागून व्यसनही आलं.

कातडी हा शरीराचा कोट आहे. सुई त्याला भगदाड पाडते, मग आत जाईल ते औषध असो वा विष. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतली लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. लस निर्दोष होती, पण बाटली उघडताना जंतुसंसर्ग झाला होता. ठपका मात्र हाफकिन यांच्यावर आला; पुढे ते दोषमुक्त ठरले.

म्हणून सुई निर्जंतुक असणं हा नुसता नियम नाही, ते रुग्णाला दिलेलं वचन आहे. ते पाळलं की मेलेला जंतू जिवंत माणसाला वाचवतो. कारण त्याची ओळख पटलेलं शरीर, खरा प्लेग आला तर लढायला आधीच तयार असतं.