थेट विचारा, एकटे सोडू नका

आत्महत्येच्या धोक्याच्या खुणा : मरणाची किंवा इतरांना ओझे झाल्याची भाषा, माणसांपासून तुटणे, झोप उडणे, दारू वाढणे, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणे. ‘आत्महत्येबद्दल बोलणारा ती करत नाही’ हा समज चुकीचा. अनेकजण आधी सूचना देतात.

आधार : आत्महत्येचा विचार येतो का, हे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. तीव्र ऊर्मी बहुधा ओसरते. म्हणून तेवढा वेळ सोबत थांबावे, शेतीची कीटकनाशके कुलपात ठेवावीत.

मदत : टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ (ऑक्टोबर २०२२ पासून, मोफत, २४ तास, मराठीतही). अकोल्यातील जठारपेठकरांसाठी तेथील शासकीय सर्वोपचार रुग्णालय. तातडीला १०८.

कायदा : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ११५ : आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल शिक्षेऐवजी उपचारांवर भर.