शाळेंतील मंत्रिमंडळ

भारतांत मताधिकाराचें वय १९८९ सालीं २१ वरून १८ वर आलें. शाळा संपते तेव्हां मतदानकेंद्र दोन-तीन वर्षांवरच असतें. त्याची तयारी शाळेंतच व्हावयास हवी. पुष्कळ शाळांतून विद्यार्थ्यांचें मंत्रिमंडळ निवडलें जातें. परंतु छातीवर बिल्ला लावल्यानें पुढारीपण येत नाहीं. इंग्लंडमधील समरहिल ही शाळा १९२१ सालीं निघाली. तेथें नित्य व्यवहाराचे बहुतेक नियम सभेंत ठरतात, आणि शिक्षकाचें व लहानग्या मुलाचें मत सारखेंच मोजलें जातें.

प्रत्येक शाळेस इतकें साधणार नाहीं. पण आरोग्यमंत्र्याच्या हातीं पिण्याच्या पाण्याची देखरेख खरोखर सोंपवावी, आणि नळ कोरडा पडल्यास मुलांनीं भर सभेंत त्यास जाब विचारावा. एकास उत्तर देण्याची आणि इतरांस प्रश्न विचारण्याची संवय अशी बरोबरच लागते. लोकशाहीस दोन्ही हव्यात.