इंदापूरचा पाऊस मोहोळवर!

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके. पावसाळी वारे सह्याद्री ओलांडताना आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच रिते करतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाकाठी ५००० मि.मी.हून अधिक पाऊस, आणि इकडे जेमतेम ५०० मि.मी.च्या आसपास! नीरेच्या कालव्याचे पाणी जिथे पोचत नाही, तिथल्या शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात.

याच बारामती परिसरात १९७३ ते १९८६ या काळातील ११ पावसाळ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विमानातून ढगांवर मिठाची पूड फवारून पाहिली. पाऊस सुमारे २४ टक्के वाढल्याचा निष्कर्ष निघाला. पुढे २०१८ आणि २०१९ मध्ये याच संस्थेने सोलापूरला तळ ठोकून असे प्रयोग पुन्हा केले. या वेळी ढगांवर नजर ठेवायला सोलापुरात डॉप्लर रडार होते. त्याची तरंगलांबी सुमारे ५ सें.मी.

असे रडार ढग कुठे आहे ते सांगतेच, शिवाय त्यातील थेंब रडारकडे किती वेगाने येत आहेत किंवा दूर जात आहेत तेही सांगते. पण काही ठरावीक वेग त्याला मुळीच कळत नाहीत. त्यांना 'आंधळे वेग' म्हणतात. डोळस यंत्राला हे आंधळेपण कुठून आले?

समजा, तुमच्या घरी भिंतीवर घड्याळ आहे आणि तुम्ही त्याकडे बरोबर दर १२ तासांनी एकदाच पाहता. तासकाटा प्रत्येक वेळी त्याच जागी! तुम्ही म्हणाल, घड्याळ बंद पडले आहे. आता दर ११ तासांनी पाहा. काटा दर वेळी एक घर मागे गेलेला दिसेल, म्हणजे घड्याळ उलटे चालते आहे! घड्याळ बिचारे नीटच चालते आहे. चूक आहे आपल्या पाहण्याच्या वेळांची.

रडारही सतत पाहत नाही. ते रेडिओ लहरींचे छोटे छोटे स्पंद सोडते आणि ढगावरून परतलेल्या लहरींची कला, म्हणजे लहर शिखरावर आहे की दरीत, हे दर स्पंदाला तपासते. कला बदलली तर लक्ष्य हलले, नाही बदलली तर ते स्थिर.

आता हिशेब करू. सोयीसाठी दर सेकंदास १००० स्पंद धरू. दोन स्पंदांमध्ये एक हजारांश सेकंद जातो. ढगातील थेंब सेकंदाला २५ मीटर वेगाने रडारकडे येत असतील, तर तेवढ्यात ते २.५ सें.मी. पुढे सरकतील. लहरीला जायचे आणि यायचे, असा दोन्ही वेळचा प्रवास २.५ सें.मी.ने कमी होतो. एकूण ५ सें.मी., म्हणजे नेमकी एक तरंगलांबी! शिखराच्या जागी पुन्हा शिखरच आले. रडार म्हणते, 'काहीच हलले नाही.' म्हणून

पहिला आंधळा वेग = (तरंगलांबी × दर सेकंदाचे स्पंद) ÷ २

०.०५ × १००० ÷ २ = २५ मीटर, म्हणजे ताशी ९० कि.मी. याच्या दुप्पट, तिप्पट वेगही आंधळेच. बारामतीच्या धावपट्टीवर वैमानिक शिकतात. त्यांचे एखादे छोटे विमान ताशी १८० कि.मी. वेगाने सरळ अशा रडारकडे निघाले, तर ते रडारला जागीच उभे वाटेल! मात्र 'सरळ' हा शब्द महत्त्वाचा. तिरपे गेले तर वेगाचा रडारच्या दिशेचा भागच तेवढा मोजला जातो.

यात बिघडते काय? टेकड्या, इमारती, कारखान्यांची धुराडी यांवरूनही लहरी परततात. त्यांची गर्दी नको म्हणून स्थिर वस्तूंचे प्रतिध्वनी गाळले जातात. आंधळ्या वेगाने येणारा वळवाचा पाऊसही त्या चाळणीत धुराड्यांबरोबर पुसला जाण्याची भीती! आणि वारा याहून कमी असला तरी धोका टळत नाही. सेकंदाला १५ मीटर वेगाने रडारकडे येणारा पाऊस १० मीटर वेगाने दूर जाताना दिसतो. अकरा तासांचे घड्याळ आठवले ना?

मग स्पंद वाढवले तर? दर सेकंदास २००० केले, की पहिला आंधळा वेग ताशी १८० कि.मी.वर जातो. छान! पण थांबा. सोलापूरपासून इंदापूर सरळ रेषेत सुमारे १०५ कि.मी. लहर सेकंदाला ३ लाख कि.मी. वेगाने २१० कि.मी.ची फेरी करून परतते ०.७ हजारांश सेकंदाने. त्याआधीच, ०.५ हजारांश सेकंदाला, दुसरा स्पंद सुटलेला असतो. रडारला वाटते, हा प्रतिध्वनी या नव्या स्पंदाचा आहे आणि ०.२ हजारांश सेकंदात परतला आहे. म्हणजे ढग ३० कि.मी.वर! त्या दिशेला, साधारण तेवढ्याच अंतरावर आहे मोहोळ. पाऊस इंदापुरात आणि नकाशावर तो मोहोळजवळ!

१००० स्पंदांना ही मर्यादा १५० कि.मी. असते. बारामती सोलापूरहून जवळजवळ तेवढीच दूर, म्हणजे अगदी काठावर. वेग नीट हवा तर अंतर सोडा, अंतर हवे तर वेग सोडा, अशी ही ओढाताण आहे.

अभियंत्यांनी यावर काढलेली एक युक्ती मला फार आवडते. कधी १००० स्पंद सोडायचे, कधी ८००. पहिल्याचे आंधळे वेग २५, ५०, ७५, १००. दुसऱ्याचे २०, ४०, ६०, ८०, १००. एकाला न दिसलेले दुसऱ्याला दिसते. दोघेही एकदम आंधळे होतात ते थेट सेकंदाला १०० मीटरला, म्हणजे ताशी ३६० कि.मी.ला. एवढ्या वेगाचा वारा आपल्याकडे कुठला! शिवाय ८०० स्पंदांना अंतराची मर्यादा १८७ कि.मी.वर जाते आणि बारामतीही आरामात आत येते.

आता एक गणित तुमच्यासाठी. मुंबईला कुलाब्याच्या रडारची तरंगलांबी सुमारे १० सें.मी. आहे. दर सेकंदास ६०० स्पंद धरले, तर पहिला आंधळा वेग किती? आणि सुमारे २०५ कि.मी.वरील बारामती त्याच्या अंतराच्या मर्यादेत येईल का?

(उत्तर : ताशी १०८ कि.मी.; मर्यादा २५० कि.मी., म्हणून येईल.)