पाक घट्ट हवा

सफरचंदाचा रस काढताना कारखान्यात लगद्यात एक तपकिरी द्रावण मिसळतात. त्याने गर सैल पडतो, रस जास्त निघतो. अ‍ॅस्परजिलस बुरशीपासून मिळवलेल्या एन्झाइमांचं ते मिश्रण असतं. यातल्या पेक्टिनेक्स अल्ट्रा एसपी-एल या प्रकारात रसाच्या कामाशी फारसा संबंध नसलेलं एक एन्झाइमही असतं, फ्रुक्टोसिलट्रान्सफरेज. माझ्या अन्नतंत्रज्ञानाच्या वर्गात मी ते चक्क साखरेच्या पाकात घालायला लावतो.

साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. हे एन्झाइम ती जोडी फोडतं आणि फ्रुक्टोज दुसऱ्या साखरेच्या रेणूला नेऊन जोडतं. एक जोडलं की केस्टोज, दोन जोडली की निस्टोज. ही सगळी फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइडं, थोडक्यात एफओएस. आपल्या पाचकरसांना फ्रुक्टोजचे हे सांधे तोडता येत नाहीत. म्हणून एफओएस मोठ्या आतड्यापर्यंत शाबूत पोचतं आणि तिथले बिफिडोबॅक्टेरिया त्यावर पोसतात; म्हणूनच त्याला प्रीबायोटिक म्हणतात. कांदा-लसणात ते मुळातच असतं. साखरेपासून बनवून ते बाजारात आणलं जपानच्या मेइजी सेइका कंपनीने, 1984 साली.

सगळी मेख पाण्यात आहे. पाक पातळ असला, तर सुटलेलं फ्रुक्टोज पाण्याच्याच पदरात पडतं आणि हाती नुसती फुटलेली साखर येते. म्हणून 100 ग्रॅम पाकात साधारण 60 ग्रॅम साखर ठेवायची आणि पाक 50 ते 60 अंशांवर राखायचा. काम झालं की पाक उकळीजवळ नेऊन एन्झाइम निकामी करायचं.

गंमत म्हणजे रिफ्रॅक्टोमीटर आधी दाखवतो जवळपास तेवढाच ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेचं प्रमाण, नंतरही दाखवतो. मुलं हिरमुसतात. मग मी लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या काढतो. एक साधा पाक आणि एक एन्झाइम घातलेला, दोन्ही सारखेच भरपूर पाणी घालून पातळ करायचे. साध्या पाकात पट्टीचा रंग हलत नाही. दुसऱ्यात बघता बघता गडद होतो. ही पट्टी फक्त सुटं ग्लुकोज ओळखते. पण साखर नुसती फुटली असती तरी ती रंगलीच असती! जोडकाम झालं की नाही, हे क्रोमॅटोग्राफीच्या प्लेटवर कळतं: साखरेच्या ठिपक्याखाली केस्टोजचा, त्याखाली निस्टोजचा ठिपका उमटला की वर्गात जीव येतो.

“सर, मग शुगरवाल्यांना हा पाक चालेल ना?” हा प्रश्न ठरलेला.

मुळीच नाही. सुटलेलं ग्लुकोज साठत गेलं की ते एन्झाइमलाच अडवतं, त्यामुळे पाकातल्या साखरेपैकी फार तर 55 ते 60 टक्क्यांचं एफओएस होतं. बाकी ग्लुकोज आणि न फुटलेली साखर पाकातच राहते. कारखान्यात ती वेगळी काढून शुद्ध माल करता येतो. त्याची गोडी साखरेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, आणि जास्त खाल्ला तर पोटात गॅस ठरलेला. तेव्हा डब्यावर ‘प्रीबायोटिक’ वाचून हुरळू नका. एफओएस किती आणि साखर किती, हे आकडे आधी बघा.