बंगळूरचा टॉप व्ह्यू? आधी टॉवरवर चला!

बंगळूर म्हणजे आयटी, ट्रॅफिक आणि फिल्टर कॉफी? थांबा! हे शहर डोळे भरून पाहायचं तर लिफ्ट लागत नाही. लागतो तो एक खडक.

माहीत आहे का, लालबागेतल्या त्या खडकाचं वय किती? सुमारे ३०० कोटी वर्षं! डायनोसॉर त्याच्यापुढे कालची पोरं. १९७५ मध्ये त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला. जवळ वाकून पाहा: करड्या दगडात फिकट-गडद पट्टे नागमोडी वळत गेलेले दिसतात. ही शिळा कधीच शिळी होत नाही!

आणि माथ्यावर उभा आहे केंपेगौडा टॉवर. उंची? अगदी बेताची. दगडी मंडप, वर छोटं शिखर, बस्स. पण भोवती लालबागेची २४० एकर हिरवाई आणि तिच्या पलीकडे चहूबाजूंनी डोकं वर काढणाऱ्या इमारती. स्मार्टफोन पॅनोरमा मोडवर टाका!

असे टॉवर चार आहेत. लालबाग, हलसूर तलाव, केंपांबुधी तलाव आणि मेखरी सर्कल. १५३७ मध्ये केंपेगौडांनी शहर वसवलं. शहर या बुरुजांपुढे जाणार नाही, अशी समजूत होती. आज विमानतळ गाठायचा तर मेखरी सर्कलचा बुरूज मागे टाकून चांगलं तासभर जावं लागतं!

आता मराठी मंडळींनो, कान टवकारा. १६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाने हे शहर घेतलं आणि पुढे ते जहागिरीत आलं कोणाच्या? शहाजीराजांच्या! बाल शिवबाही इथे येऊन गेले. पुढे शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयारांशी शहराचा सौदा केला. किंमत माहीत आहे का? ३ लाख रुपये! सौदा पुरा होण्याआधीच, १६८७ मध्ये, मुघल फौज आत घुसली. तरी अखेर शहर गेलं वडेयारांकडेच आणि तेही ३ लाखांतच. आज तेवढ्यात इथे पार्किंगची जागा तरी मिळेल का?

मराठी कनेक्शन नंबर दोन! विमानतळाबाहेरचा केंपेगौडांचा १०८ फुटी ब्राँझ पुतळा साकारला धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी. हो, तेच, स्टॅच्यू ऑफ युनिटीवाले. अनावरण ११ नोव्हेंबर २०२२ ला झालं. नुसत्या तलवारीचं वजन ४ टन!

उंचीचा शौक या शहराला जुना आहे. एम. जी. रोडवरची २५ मजली पब्लिक युटिलिटी बिल्डिंग १९७० च्या दशकात उभी राहिली. उंची १०६ मीटर, त्या काळी बघ्यांच्या माना दुखवणारी!

आणि पुढचा प्लॅन? सुमारे २५० मीटरचा स्कायडेक. तीन कुतुबमिनार एकावर एक रचले तरी कमी पडतील. तो होईल तेव्हा होवो. मला विचाराल तर माझं मत खडकालाच. त्याच्या खांद्यावर उभं राहिलं की शहराबरोबर त्याचा पायाही दिसतो, आणि ही गंमत काचेच्या डेकवर कुठून येणार?

टिप हवी? लालबागेची दारं सकाळी ६ ला उघडतात. दुपारी दगड तापतो, म्हणून लवकर निघा. ग्रीन लाइन मेट्रोचं लालबाग स्टेशन गाठा आणि बागेतून चालत थेट खडकावर. बूट ग्रिपवालेच घाला!