दोन अर्ध्या फाइलींची एक पूर्ण

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात समजा दोन मित्रांनी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उबुंटू या संगणक प्रणालीची सुमारे 6 जीबीची आयएसओ फाइल उतरवायला घेतली. 60 टक्के फाइल उतरली आणि दोघांचाही दिवसाचा डेटा संपला. आता दोन्ही अर्धवट फाइली जोडता येतील का?

ब्राउझरनं उतरवली असेल तर उपयोग नाही. ब्राउझर सहसा सुरुवातीपासून ओळीनं उतरवतो, म्हणजे दोघांकडे तेच पहिले 60 टक्के. टॉरेंटचं तसं नाही. 2001 मध्ये ब्रॅम कोहेननं रचलेल्या या पद्धतीत फाइलीचे ठरलेल्या मापाचे तुकडे पडतात, ते कुठल्याही क्रमानं येतात आणि प्रत्येकाचा हॅश, म्हणजे पडताळणीचा आकडा, टॉरेंट फाइलीत आधीच नोंदलेला असतो. दोघांकडचे तुकडे वेगवेगळे असण्याची शक्यता म्हणूनच बरीच.

दोन्ही लॅपटॉप एकाच वायफायवर आणा, क्यूबिटटॉरेंट या टॉरेंटच्या अ‍ॅपमध्ये 'लोकल पीअर डिस्कव्हरी' चालू ठेवा. एकमेकांकडचे तुकडे घरातल्या घरात जातात. डेटा जवळपास लागत नाही.

ब्राउझरची अर्धवट फाइलही वाया जात नाही. तिला मूळ नाव देऊन त्याच आयएसओच्या टॉरेंटच्या फोल्डरात ठेवा आणि 'फोर्स रीचेक' करा. जुळलेले तुकडे राहतात, बाकीचेच नव्यानं येतात. मात्र आवृत्ती तीच हवी, एका आकड्याचाही फरक चालत नाही. आणि पूर्ण झालेली फाइल एफएटी32 पेनड्राइव्हवर नेऊ नका. त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही.